गिधाडं गेली, गोळी राहिली

दसरा झाला की बीडचे ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात. कोयत्यासोबत अंगदुखीच्या गोळ्याही जातात. त्यातल्या डायक्लोफेनॅकचा इतिहास बघा. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी उत्पादनावर बंदी आली. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलीवर आणली.

माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण उपाशीपोटी, उन्हात, पाण्याविना रोज गोळी घेतली तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात. जेवून घ्या, पाणी प्या, दोन पेनकिलर एकत्र नकोत. शौचाला काळं झालं तर लगेच दवाखाना गाठा.

गिधाडांसाठी सरकार हललं. फडावर डॉक्टर कधी पोचणार?