कांगारूची शेपूट, बेडूकमासा आणि आपल्या सुरकुत्या

डहाणू लोकलच्या डब्यात पगारवाढ आणि बोईसरच्या फ्लॅटचे भाव यांच्या जोडीला हल्ली तिसरा विषय आलाय – कोलॅजन. तिशी ओलांडली की पावडर सुरू करायची म्हणे. महिन्याला सहज हजार-दीड हजार जातात. मी म्हटलं, पैसे घालवण्याआधी या प्रकरणाचा इतिहास तरी वाचू. तो निघाला भलताच रंजक, आणि त्यातला एक मोठा अध्याय चक्क मद्रासचा!

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. वय जेमतेम तीस, म्हणजे आपल्याकडे टीम लीड होण्याचं. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल तिथे येऊन गेले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की कोलॅजनच्या रचनेचं कोडं अजून कुणाला नीट सुटलेलं नाही. लायनस पॉलिंगसारख्या दिग्गजानं १९५१ मध्ये उत्तर दिलं होतं, पण ते चुकलं होतं.

क्ष-किरणांनी रचना बघायची तर नमुना शुद्ध हवा. तो मिळाला मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. यात नवल नाही, कारण कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजनच. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावताना झाडांच्या सालीतलं टॅनिन याच कोलॅजनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून ते कुजत नाही. तर हा नमुना होता कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा. मद्रासमध्ये कांगारू!

रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर छापलं: तीन साखळ्या एकत्र. पुढच्या वर्षी त्यांनी त्या एकमेकींभोवती पीळ घालून दाखवल्या. थोडक्यात, तीन पेडांची वेणी. वेणीच्या आत जागा इतकी कमी, की प्रत्येक साखळीतला दर तिसरा घटक ग्लायसीनच लागतो, कारण सगळ्या अमिनो आम्लांत तोच सर्वांत लहान. लगेच केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अ‍ॅलेक्स रिच यांनी हरकत घेतली, की तुमच्या मॉडेलमध्ये काही अणू फारच जवळ येतात. काही तपशिलांत त्यांचं म्हणणं टिकलं, पण तीन पेडांची कल्पना मद्रासचीच. आणि रामचंद्रन चिडून बसले नाहीत. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हेच त्यांनी पद्धतशीर मोजायला घेतलं. त्यातून १९६३ मध्ये 'रामचंद्रन आलेख' आला. प्रथिनांची रचना तपासायला तो आजही जगभर वापरतात. कोड रिव्ह्यूमधल्या खवचट शेऱ्याचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

असो. वेणी कळली, पण ती उलगडते कशी? शरीरातली नेहमीची पाचक द्रव्यं या वेणीला सहसा दाद देत नाहीत. इथे दुसरी शेपूट येते. पावसाळ्यात पालघरच्या भातखाचरांत बेडूकमासे वळवळतात आणि काही दिवसांनी त्यांची शेपूट गायब होते. ती गळून पडत नाही, जागच्या जागी विरघळते. १९६२ मध्ये बॉस्टनला जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडूकमाशाच्या शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले, तर खालचा थर विरघळला. कोलॅजन कापणारं द्रव्य, कोलॅजनेज, सापडलं. आपल्या भाषेत, शरीराचा गार्बेज कलेक्टर. तोच आपल्या त्वचेतही असतो.

इंग्लंडमध्ये सॅम शुस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की मोठेपणी त्वचेतलं कोलॅजन वर्षाला साधारण एक टक्का घटतं. तेवढं वयाचं देणं. पण मिशिगनच्या गॅरी फिशर यांच्या गटानं १९९६-९७ मध्ये दाखवलं, की त्वचा लाल होणार नाही इतक्या थोड्या अतिनील किरणांनीही हे कापणारे कामाला लागतात. म्हणजे बांधकामापेक्षा तोडकामाकडे बघायला हवं, आणि जाहिराती नेमक्या बांधकामाच्याच असतात.

पावडरीचं म्हणाल, तर ती पोटात गेल्यावर तिचे तुकडे होतात. काही छोटे तुकडे रक्तात सापडतात, हे खरं. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा कंपन्यांच्या पैशावर न चाललेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. मी तरी त्यापेक्षा पायाचं सूप पिईन. फायदा तितकाच, पण चव तरी मिळेल.

उलट ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी सुमारे ९०० जणांना साडेचार वर्षं तपासलं (निष्कर्ष २०१३ चे). रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय त्या काळात वाढलेलं दिसलं नाही. व्हिटॅमिन ए च्या जातीचं ट्रेटिनॉइन हे औषधही उपयोगी पडतं. पण ते डॉक्टरला विचारूनच, आणि गरोदरपणात नकोच.

२०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, ट्रक चालवला २८ वर्षं. खिडकीकडचा डावा गाल खोल सुरकुत्यांचा, उजवा बराच तरुण. 'यूव्हीए' किरण काचेतून आत येतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे चिल्हार फाट्यावर चहाला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांचा उजवा गाल बघायला हवा.

आणि लोकलवाल्यांचा डावा. सकाळी मुंबईकडे जाताना पूर्व डावीकडे असते, संध्याकाळी बोईसरला परतताना पश्चिमही डावीकडेच. गर्दीत उजवीकडची खिडकी मिळते का, ते तुमच्या नशिबावर.