अ‍ॅपवरील सवलत : किंमत उतरली की नुसती खोडली?

धारवाडचे सप्तापूर आणि हुबळीचे विद्यानगर हे दोन्ही भाग विद्यार्थ्यांच्या वर्दळीचे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी उत्तर कर्नाटकातून, तसेच सीमाभागातील मराठी गावांतूनही मुले धारवाडला येऊन राहतात. खोलीभाडे आणि खानावळ यांच्या जोडीला सराव चाचण्या, शब्दकोश, टिपणवही अशा अ‍ॅपांचा खर्चही आता महिन्याच्या हिशेबात शिरला आहे. पडद्यावर झळकणारी ‘७० टक्के सूट’ खरी किती, हा प्रश्न त्यामुळे तेथे केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

एकदाच पैसे भरून घ्यावयाच्या अ‍ॅपची किंमत खरोखर उतरते. गूगल प्लेने २०१५ मध्ये भारतातील किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. तेव्हापासून विकसकांना दर खाली आणण्यास मोठा वाव मिळाला. काही विकसक थोड्या दिवसांपुरते अ‍ॅप अल्प दरात देतात. अशा काळात घेतलेले अ‍ॅप त्या खात्याशी कायम जोडलेले राहते. फोनमधून काढून टाकले, तरी पुढे पुन्हा पैसे न भरता उतरवून घेता येते. म्हणून हवे असलेले अ‍ॅप इच्छासूचीत ठेवून अधूनमधून दर पाहणे हिताचे. उतरलेल्या दरांची यादी देणारी ‘अ‍ॅपसेल्स’सारखी अ‍ॅपही आहेत. घरातील व्यक्तींनी कौटुंबिक गट केल्यास पात्र अ‍ॅपची एकच खरेदी सहा जणांना वापरता येते. एवढी मोठी सवलत क्वचितच कोणी जाहिरातीतून देतो!

वर्गणीच्या अ‍ॅपचे गणित मात्र वेगळे. तेथे खोडलेली मूळ किंमत कधी आकारली गेली होती की नाही, हे ग्राहकाला बहुधा कळत नाही. ‘दहा मिनिटेच शिल्लक’ असे घड्याळ दिसले, तर अ‍ॅप बंद करून दुसऱ्या दिवशी उघडावे. घड्याळ पुन्हा दहापासूनच धावू लागले, तर घाई बनावट होती हे उघड आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या क्लृप्त्या नमूद असून, खोटी निकड आणि वर्गणीचा सापळा या दोहोंचा त्यांत समावेश आहे.

सवलत पहिल्या महिन्यापुरती आहे की नूतनीकरणालाही लागू आहे, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचावे. अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती स्टोअरच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार स्वयंचलित वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना मिळते. हा संदेश बहुतेक जण न वाचताच पुसून टाकतात, आणि पैसे तेथेच जातात.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक असून तेथे मराठी आणि कन्नडमध्येही बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. कंपनी बंगळुरूची असो वा परदेशातील, हुबळीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला धारवाडच्या आयोगाकडे जाता येते. गोव्यातील ग्राहकालाही आपल्याच जिल्ह्यात हा मार्ग खुला आहे. मात्र जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि भरणा पावती खरेदीच्या दिवशीच जपून ठेवावी. मागाहून ती किंमत पडद्यावर सापडत नाही.