चौपाटीचं विमान, चारकोपचं विमान आणि तापलेलं तेल

दर काही महिन्यांनी आपल्याकडच्या ग्रुपवर तीच पोस्ट फिरते. राइट बंधूंच्या आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं म्हणे. तळपदे होते, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरं. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, ते बंगळुरूच्या आयआयएससीतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं. त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय.

आता दुसरी गोष्ट, पुरावे असलेली. कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर या माणसाने सहा आसनी विमान बांधलं. त्याआधीचे दोन प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. डीजीसीएची नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवून बघायचा परवाना २०१९ मध्ये, आणि चाचणी-उड्डाण झालं २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ३५ हजार कोटींच्या कराराचे मोठे मथळे झाले. चाचणीची बातमी मात्र त्या मानाने छोटी.

माझा मुद्दा इथंच आहे. विमान बांधून झालं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. साधं इंजिन ऑइलचं घ्या.

तेल आणि उष्णता हे दुखणं विमानाइतकंच जुनं. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन सुरू करताना १६ अश्वशक्ती द्यायचं आणि तापलं की १२ वर यायचं. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत थंडाव्यासाठी अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. त्यात वंगण म्हणून चक्क एरंडेल! ते बाहेर फेकलं जायचं, वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं, आणि पोटाचे हाल व्हायचे.

आजच्या छोट्या विमानांची बरीच इंजिनं हवेने आणि तेलाने थंड होतात. तेल साधारण ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असलेलं बरं. त्यापेक्षा फार गार राहिलं तर आतला ओलावा उडून जात नाही आणि गंज धरतो. लायकमिंगसारख्या इंजिनांत ११८ अंश ही वरची हद्द. कारखान्यातल्या विमानात हा हिशेब आधीच बसवलेला असतो. घरी बांधलेल्या विमानात तो बांधणाऱ्यालाच बसवावा लागतो.

काटा लाल रेषेकडे गेला की पहिला मोह होतो मोठा ऑइल कूलर लावायचा. जाणकार तो शेवटी ठेवतात. आधी काटाच खरं बोलतोय का ते बघायचं. सेन्सर उकळत्या पाण्यात धरायचा. (आपल्या पुण्यात पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं, हेही लक्षात ठेवायचं.) मग तेलाची पातळी. मग इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या. तिथं बोटभर फट राहिली तरी हवा कूलरमधून न जाता तिथूनच पळते. मग हवेला बाहेर पडायला वाट पुरेशी आहे का? तोंड मोठं करून उपयोग नाही, मागून हवा निघालीच नाही तर नवी येणार कुठून? मग थर्मोस्टॅटची झडप. ती नीट बसली नाही तर गरम तेल कूलरला वळसा घालून तसंच परत जातं. इंजिन नवं असेल तर सुरुवातीचे काही तास ते जास्त तापतंच. आणि एका वेळी एकच बदल. उडवायचं, आकडे लिहायचे, उतरायचं, पुन्हा तेच.

हे सगळं गच्चीवर होत नाही, त्याला धावपट्टी लागते. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास ठरलेल्या हद्दीत, प्रवासी न घेता उडवावं लागतं. म्हणजे चुका सापडायला नियमानेच वेळ आणि जागा दिलेली आहे. आपल्याकडे एका माणसाची वर्षंच्या वर्षं कागद मिळवण्यात गेली.

आपल्या धायरी-नऱ्ह्यात छोटी वर्कशॉप आहेत, शेजारी वडगावला इंजिनिअरिंगची हजारो पोरं शिकतात. त्यातल्या एखाद्याने उद्या विमान बांधलं तर टाळ्या मिळतील, सत्कार होईल, फ्लेक्सही लागतील. पण राज्यातल्या कमी वापराच्या एखाद्या धावपट्टीवर, रीतसर देखरेखीखाली, त्याला चाळीस तास मिळतील का? मत मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला हवा. चौपाटीची पोस्ट फॉरवर्ड करायला काहीच लागत नाही. धुळ्यासारखं आणखी एक उड्डाण हवं असेल तर तेवढी सोय लागेल.

तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये लिहा.