फिन : वय वर्षे सात, मालमत्तेचे नुकसान

इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज शहरातल्या एका प्रकरणात एका रात्रीच्या दोन जखमा दोन वेगळ्या कायद्यांखाली नोंदल्या गेल्या. कॉन्स्टेबल डेव्ह वॉर्डेल यांच्या हाताला सुरा लागला, तो शारीरिक इजेचा गुन्हा ठरला. इंग्लंडमध्ये त्याचं कलम आजही 1861 च्या कायद्यातलं आहे. त्यांच्या फिन नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याच्या छातीत तोच सुरा फुप्फुसापर्यंत गेला. ती जखम मात्र 1971 च्या मालमत्ता-नुकसानीच्या कायद्याकडे गेली. दुकानाची काच फोडणाऱ्याला किंवा दुसऱ्याच्या मोटारीवर ओरखडे काढणाऱ्याला हाच कायदा लागतो.

घटनेबद्दल फारसा वाद नाही. 5 ऑक्टोबर 2016 च्या रात्री हर्टफर्डशर परगण्यातल्या स्टीव्हनेजमध्ये लुटीच्या संशयावरून एका सोळा वर्षांच्या मुलाचा पाठलाग सुरू होता. तो पळाला तेव्हा वॉर्डेलनी फिनला सोडलं आणि फिनने त्याचा पाय पकडला. मुलाकडे शिकारीचा सुरा होता. त्याची लांबी काही बातम्यांत दहा इंच आहे, तर काहींत बारा. फिनच्या छातीला आणि डोक्याला वार झाले, तरी त्याने पकड सोडली नाही असं सांगितलं जातं. पुढे काही तासांची शस्त्रक्रिया झाली आणि अकरा आठवड्यांनी तो परत कामावर हजर झाला. मुलगा दोषी ठरला आणि आठ महिन्यांसाठी सुधारगृहात गेला. फिनवरच्या हल्ल्याबद्दल त्याला वेगळी शिक्षा झाली नाही. गुन्हा सिद्ध झाला, पण त्या रकान्यात शिक्षा शून्य.

यानंतर जे झालं त्याची लोककथा सगळ्यांना पाठ आहे. जनता चिडली, सह्या गोळा झाल्या, संसद हलली आणि ‘फिनचा कायदा’ आला. आता पोलिसी कुत्र्यावर हात उचलणं म्हणजे पोलिसावर हात उचलण्यासारखंच, असा तिचा शेवट. कागद एकापुढे एक लावून पाहिले की हा शेवट टिकत नाही.

पहिला कागद याचिकेचा. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावरच्या या याचिकेवर सव्वा लाखाहून अधिक सह्या झाल्या. मागणी सरळ होती : पोलिसांच्या कुत्र्यांना आणि घोड्यांना पोलीस अधिकाऱ्याचा दर्जा द्या. त्यावर सरकारचं उत्तर सरकारी उत्तरं असतात तसंच होतं. आहे तो कायदा पुरेसा आहे, असं त्याचं सार. मालमत्ता-नुकसानीच्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि 2006 च्या प्राणिकल्याण कायद्यात सहा महिन्यांपर्यंत, असं त्यात सांगितलं होतं. हे आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. वस्तू म्हणून कुत्र्याला मारलं तर दहा वर्षं, आणि जीव म्हणून मारलं तर सहा महिने. उत्तर लिहिणाऱ्याला यात काही विचित्र वाटल्याचं त्यातून दिसत नाही.

दहा वर्षांचा आकडाही बराचसा कागदावरचा आहे. साध्या नुकसानीच्या गुन्ह्यात नुकसान पाच हजार पौंडांच्या आत असेल, तर खटला खालच्या मॅजिस्ट्रेटपुढेच चालतो आणि प्रौढ आरोपीला तिथे जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. म्हणजे जखम किती खोल हे नंतर, आधी माल कितीचा हे ठरवायचं. फिन सात वर्षांचा होता, निवृत्तीला आलेला. अशा कुत्र्याची बाजारात किंमत ती काय? उमेदीतलं जनावर मारलं तर गुन्हा मोठा, आणि आयुष्यभर राबलेलं मारलं तर लहान, असा हा हिशेब. वॉर्डेल आणि त्यांच्या बाजूच्या लोकांचा राग मुख्यतः यावर होता, आणि माझ्या मते तो रास्त होता.

हे दुखणं फिनपासून सुरू झालेलं नाही. एप्रिल 2013 मध्ये न्यूकॅसल आणि संडरलंडच्या फुटबॉल सामन्यानंतर दंगल उसळली आणि वेस्ट यॉर्कशर पोलिसांच्या बड नावाच्या घोड्याच्या तोंडावर एकाने ठोसा मारला. छायाचित्र जगभर गेलं. त्या माणसाला वर्षभराची कैद झाली, पण ती हिंसक दंगलीबद्दल. आणखी मागे गेलं तर 1947 मध्ये लंडन पोलिसांच्या ओल्गा, अपस्टार्ट आणि रीगल या तीन घोड्यांना प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालेलं दिसतं. टूटिंगमध्ये उडता बॉम्ब पडून घरं कोसळली, तेव्हा ओल्गा बिथरून शंभरेक यार्ड पळाली आणि मग स्वाराबरोबर माघारी येऊन बंदोबस्ताला उभी राहिली. कौतुकात इंग्लंडने कधी हात आखडता घेतला नाही. फिनलाही 2018 मध्ये शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. दंडविधानाच्या पानावर मात्र यातलं काही उतरलं नव्हतं.

डिसेंबर 2017 मध्ये खासदार सर ऑलिव्हर हील्ड यांनी खासगी विधेयक मांडलं. त्यांचा मतदारसंघ हर्टफर्डशरमधलाच होता. 15 जून 2018 च्या शुक्रवारी ते दुसऱ्या वाचनाला आलं. शुक्रवारी कामकाजाची वेळ संपली की उरलेल्या विधेयकांची फक्त नावं पुकारली जातात आणि एका जरी सदस्याने ‘हरकत’ म्हटलं की विधेयक त्या दिवसापुरतं अडतं. खासदार सर ख्रिस्तोफर चोप यांनी हरकत घेतली. चर्चा न होता खासगी विधेयकं पुढे सरकू नयेत ही त्यांची जुनी भूमिका. त्याच दिवशी बायकांची चोरून अश्लील छायाचित्रं काढणाऱ्यांविरुद्धचं विधेयकही त्यांनी अडवलं होतं, त्यामुळे बाहेर गदारोळ झाला. त्यात फिनचं नाव आणखी गाजलं. पुढे सरकारने पाठिंबा दिला आणि हील्ड यांनी नव्या मसुद्याचं विधेयक आणलं. त्याला 8 एप्रिल 2019 रोजी राजमान्यता मिळाली आणि 8 जूनपासून ते लागू झालं.

खरं वाचायचं ते इथे. या कायद्यात कलमं दोनच आहेत आणि दुसरं तर केवळ नाव, व्याप्ती आणि तारीख सांगतं. पहिल्यात नवा गुन्हा नाही, नवी शिक्षा नाही, कुत्र्याला पोलिसाचा दर्जाही नाही. ते 2006 च्या कायद्यातल्या एका उपकलमाला हात घालतं. प्राण्याला दिलेला त्रास अनावश्यक होता का, हे ठरवताना न्यायालयाने काय काय पाहावं हे तिथे सांगितलं आहे. त्यातला एक मुद्दा असा, की कृत्याचा हेतू वाजवी होता का. उदाहरणार्थ माणसाचं, मालमत्तेचं किंवा दुसऱ्या प्राण्याचं रक्षण. सुरा चालवणाऱ्याला हीच पळवाट होती. कुत्र्याने माझा पाय धरला होता, मी जीव वाचवला, असं म्हणायला तो मोकळा. फिर्यादी पक्षाला हे आधीच दिसत असे, म्हणून प्राणिकल्याणाच्या कलमाऐवजी मालमत्तेचं कलम सोपं वाटे.

2019 च्या कायद्याने एवढंच केलं : प्राणी अधिकाऱ्याच्या ताब्यात असेल, कर्तव्यावर वापरला जात असेल आणि तो वापर परिस्थिती पाहता वाजवी असेल, तर हल्लेखोराची स्वसंरक्षणाची सबब विचारात घ्यायची नाही. प्रत्येक अट मोजूनमापून घातलेली आहे. ‘वाजवी’ या अटीमुळे, हात वर करून शरण आलेल्या माणसावर कुत्रा सोडणाऱ्या पोलिसाला या कायद्याची ढाल मिळत नाही. आरोपी स्वतःच तो अधिकारी असेल तर ही तरतूद लागू नाही, असंही वाक्य आहे. आपल्याच बिथरलेल्या कुत्र्यापासून बचाव करणाऱ्या हॅण्डलरला त्याचा बचाव शाबूत ठेवला आहे. तबेल्यात उभा असलेला घोडा किंवा निवृत्त होऊन घरी बसलेला कुत्रा या कलमात येत नाही. मसुदा करणाऱ्याने भावनेचा ओघ बाहेर ठेवला, हे मला या कायद्याचं बळ वाटतं. मिरवणुकीत मात्र असले कायदे शोभत नाहीत, म्हणून लोककथा दुसरीच तयार झाली.

शिक्षेचा प्रश्न तसाच राहिला होता. सहा महिन्यांची कमाल मर्यादा 2021 च्या स्वतंत्र कायद्याने पाच वर्षांवर नेली. तो सगळ्याच प्राण्यांसाठी आहे. स्कॉटलंडने 2020 मध्ये वाढीव शिक्षा आणि सेवेतल्या प्राण्यांची तरतूद एकाच कायद्यात आणली.

हा मालमत्तेचा हिशेब इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आला. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 428 दहा रुपये किंवा अधिक किमतीच्या प्राण्यासाठी होतं. कलम 429 मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय, बैल यांची किंमत विचारायची नाही, इतर प्राणी मात्र पन्नास रुपयांचा तरी हवा. दोन्ही कलमं ‘आगळीक’ (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान) या गटात, म्हणजे नुकसान प्राण्याचं नव्हे, धन्याचं. 14 मार्च 2016 रोजी डेहराडूनच्या मोर्चात पोलिसांच्या शक्तिमान घोड्याचा मागचा पाय मोडला, तेव्हा हाताशी होती ती हीच चौकट आणि 1960 चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पाय कापावा लागला, कृत्रिम पाय बसवला, आणि 20 एप्रिलला घोडा गेला. भाजपचे एक आमदार आणि इतर आरोपी होते. सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी त्यांना निर्दोष सोडलं. मोर्चाचं चित्रीकरण देशभर दाखवलं गेलं होतं, पण चित्रफितीवरून लोकांनी काढलेला निष्कर्ष आणि न्यायालयात सिद्ध झालेली गोष्ट यांत फरक असतो. इतिहास लिहिणाऱ्याने दुसरीच धरून चालावं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 325 आलं आणि दहा-पन्नास रुपयांची अट गेली. आता कोणताही प्राणी ठार केला किंवा निकामी केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. कलम मात्र अजूनही मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणातच आहे, आणि कर्तव्यावरच्या कुत्र्या-घोड्यासाठी त्यात वेगळा शब्द नाही.