दोन वह्या आणि एक खातं : टीव्ही आपल्याकडे कधीपासून बघू लागला?



आजच्या विषयाची सुरुवात आम्ही घरातूनच करतो. गेल्या दिवाळीत आमच्याकडे नवा टीव्ही आला. दुकानातला मुलगा बसवायला आला, भिंतीला भोकं पाडली, संच टांगला, वायफायचा पासवर्ड विचारला. इथपर्यंत ठीक. मग पडद्यावर आलं : ईमेल टाका, खातं उघडा. आम्ही विचारलं, "नाही उघडलं तर?" तो म्हणाला, "काका, मग पुढे जातच नाही." मोबाइलवर ओटीपी आला, नाव झालं, जन्मवर्ष झालं. त्यानंतर एकामागून एक पानं, आणि प्रत्येकाखाली "मान्य". आम्ही त्याच्यासाठी चहा आणायला आत गेलो, तेवढ्यात त्याने सगळी "मान्य" आमच्या वतीने दाबून टाकली होती. आई कोपऱ्यात बसून हे बघत होती. तिने विचारलं, "पैसे आपण दिले ना? मग तो नाव कशाला विचारतोय?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला आपल्याला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

ज्यांनी साठी गाठली आहे त्यांना पोस्टातलं लायसन्सचं पुस्तक आठवत असेल. रेडिओ घरात ठेवायचा तर परवाना लागायचा. १९२८ पासूनची ही पद्धत. पुढे टीव्ही आला, त्यालाही परवाना. १९७०-८० च्या काळात रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५० रुपये भरायचे, पुस्तकावर तिकीट लावून घ्यायचं. निरीक्षक कधीही दारात येऊन पुस्तक मागू शकत असे; नसेल तर दंड, आणि संच जप्त करण्याचाही अधिकार त्याला होता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हा इथल्या टीव्हीवाल्यांनीही हे केलंच. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली.

आता बघा, या पुस्तकात काय होतं? नाव होतं, पत्ता होता, म्हणजे संच कोणाकडे आहे हे सरकारला पक्कं ठाऊक. पण त्या संचावर तुम्ही काय बघता, हे मात्र सरकारला कळायची सोय नव्हती. प्रक्षेपण एकाच दिशेने यायचं. छपरावरची अँटेना घ्यायची, परत काही पाठवत नव्हती. शिवाय चाळीत टीव्ही एकाचा आणि रविवारच्या सिनेमाला बसलेले तीस. पुस्तकावर नाव मात्र एकाचंच. तर ही झाली पहिली वही : हिच्यात माणूस आहे, त्याचं पाहणं नाही.

दुसरी वही अमेरिकेत सुरू झाली, आणि ती सरकारने नाही, जाहिरातीच्या धंद्याने सुरू केली. पैसे देऊन जाहिरात ऐकवणाऱ्याला जाणून घ्यायचं होतं की ऐकतं कोण. आर्थर नील्सन यांनी १९३६ मध्ये एमआयटीतल्या दोन प्राध्यापकांकडून एक यंत्र घेतलं, ऑडिमीटर. रेडिओचा काटा कोणत्या स्टेशनवर किती वेळ होता, हे ते नोंदवायचं. १९४२ मध्ये रेडिओचे आकडे नियमित निघू लागले, १९५० मध्ये टीव्हीचे. १९८७ मध्ये पीपल मीटर आला. त्यात घरातला कोण समोर बसला आहे हे बटण दाबून सांगायचं.

या पद्धतीत तीन गोष्टी होत्या, त्या लक्षात ठेवा. एक : घरच्यांना आधी विचारलं जायचं. दोन : त्यांना काहीतरी मोबदला मिळायचा. तीन : ही मोजकी घरं होती आणि त्यांची नावं गुप्त ठेवली जायची. जाहिरातदाराला एकूण आकडा मिळायचा, अमक्याच्या घरी काय चालू होतं हे नाही. म्हणजे या वहीत पाहणं आहे, माणूस नाही.

नावं गुप्त का? निव्वळ सभ्यता म्हणून नाही. नाव फुटलं की वही खोटी होते. याचा धडा आपल्या मुंबईनेच घेतला आहे. २००१ मध्ये मुंबईतल्या मीटर बसवलेल्या घरांची गुप्त यादी फुटली, आणि सगळ्या टीआरपीच्या आकड्यांवरच संशय आला. पुढे बार्क ही संस्था उभी राहिली. तिचे आकडे २०१५ पासून येऊ लागले. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते आणि घरातला मीटर ती ओळखतो, अशी तिची रीत. २०२० मध्ये अशी सुमारे ४४ हजार घरं देशात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की काही मीटरवाल्या घरांना ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला पैसे दिले गेले. तो खटला पुढे मागे घेण्यात आला, त्याच्या राजकारणात आज शिरायला नको. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की कोणाच्या घरी मीटर आहे हे कळलं, तर त्या घराचा दरवाजा कोणीतरी ठोठावतो, एवढं त्या माहितीचं मोल आहे.

आता या दोन वह्या एकत्र शिवायचा पहिला मोठा प्रयत्न. डिसेंबर १९७७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. वॉर्नर कंपनीने तिथे क्यूब नावाची केबल सेवा सुरू केली. केबल दोन्ही दिशांनी बोलायची. घरात बटणांचा एक डबा, त्यावरून प्रेक्षक मत द्यायचा, पैसे भरून सिनेमा मागवायचा. कंपनीचा संगणक दर काही सेकंदांनी प्रत्येक घराला विचारायचा, सध्या काय लावलंय? बिल पाठवायचं म्हणजे नाव लागणारच. तेव्हा पहिल्यांदाच माणूस आणि त्याचं पाहणं एका यंत्रात आलं. लोकांना त्याची गंमत वाटली, तशीच काळजीही. १९८४ च्या केबल कायद्यात अमेरिकी संसदेने घातलं की ग्राहकाची ओळख पटेल अशी माहिती त्याला न विचारता केबलवाल्याने गोळा करायची नाही किंवा वाटायची नाही.

तीनच वर्षांनी दुसरं प्रकरण झालं. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं. वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाच्या पत्रकाराने त्यांच्या व्हिडिओच्या दुकानातून त्यांनी भाड्याने नेलेल्या टेपची यादी मिळवली आणि छापली. १४६ नावं. त्यात भानगडीचं काही नव्हतं, साधे सिनेमे होते. पण प्रत्येक खासदाराच्या मनात आपल्या दुकानदाराची वही आली असणार! १९८८ मध्ये कायदा झाला : कोणी काय भाड्याने नेलं, हे दुकानदाराने परवानगीशिवाय सांगायचं नाही. सामान्य माणसाचं रक्षण करणारे काही कायदे मोठ्या माणसाची पंचाईत झाल्यावरच होतात, इतिहासात हे नवं नाही.

मग प्रश्न असा, की १९८८ मध्ये टेपच्या यादीची एवढी चाड होती, तर आज आपल्या भिंतीवरचा संच तेच करतो तेव्हा गप्प का?

करतो म्हणजे काय करतो, ते आधी समजून घेऊ. या तंत्राला इंग्रजी आद्याक्षरांनी एसीआर म्हणतात. पडद्यावर जे दिसतं त्याचे बारीक नमुने किंवा आवाजाचे तुकडे टीव्ही घेतो, त्यांचा एक ठसा बनवतो, अगदी बोटाच्या ठशासारखा, आणि तो कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिथे लाखो ठशांच्या साठ्याशी तो ताडून बघतात. जुळला की कळलं, या घरात या क्षणी हा कार्यक्रम चालू आहे. इथे लक्ष द्या : ठसा पडद्याचा असतो. त्यामुळे चित्र केबलवरून आलं, जुन्या डीव्हीडीवरून आलं की लॅपटॉपच्या वायरीवरून, त्याला फरक पडत नाही. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचे टीव्ही तपासले. नुसता मॉनिटर म्हणून वापरला तरी टीव्ही हे ठसे पाठवत होता. त्याच अभ्यासात एक चांगली गोष्टही निघाली, ती शेवटी सांगतो.

हे लोकांच्या लक्षात आलं ते व्हिझिओ या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात. फेब्रुवारी २०१४ पासून तिचे टीव्ही सेकंदासेकंदाचं पाहणं नोंदवत होते. एक कोटी दहा लाख संच. विकून झालेल्या जुन्या संचांमध्येही हे नंतर दुरून घातलं गेलं. सेटिंगमध्ये त्याचं नाव होतं 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी', म्हणजे वाचून काही कळू नये असं. त्या घराच्या इंटरनेट पत्त्याच्या आधारे वय, लिंग, उत्पन्न, लग्न झालंय की नाही, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, ही माहिती जोडून ती बाहेरच्या कंपन्यांना विकली जात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि आधी विचारल्याशिवाय गोळा करायचं नाही असा आदेश निघाला.

त्यानंतर धंदा थांबला का? उलट. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत याच कंपनीला टीव्ही विकून ढोबळ नफा झाला अडीच कोटी डॉलरच्या आसपास. जाहिराती आणि माहितीच्या विभागातून पावणेसहा कोटी. म्हणजे दुप्पट! टीव्ही हे दुकान झालं आणि गिऱ्हाईक हा माल. २०२४ च्या अखेरीस वॉलमार्टने ही कंपनी घेतली. किराणा विकणाऱ्याला टीव्हीची कंपनी कशाला हवी? पडद्यावर जाहिरात बघितलेल्या माणसाने नंतर ती वस्तू घेतली का, हे कळावं म्हणून. आणि ते कळायला दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे ठरावं लागतं. तिथे खातं येतं.

आम्ही खात्यावर एवढं का बोलतो, ते यासाठी. खातं नसलं तरी टीव्ही घर ओळखतो, पण अंदाजाने. खात्यात तुमचा मोबाइल आला, ईमेल आला, कधी कार्डाचा नंबरही आला. आता तो माणूस ओळखतो. पोस्टातली पहिली वही आणि मीटरची दुसरी वही, दोन्ही एका धाग्यात शिवल्या गेल्या, आणि शिवणारा दोरा तुम्हीच आपल्या हाताने ओवून दिला.

'आपल्या हाताने' म्हणतो खरं, पण हात मोकळा होता का? मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रोकूचे टीव्ही वापरणाऱ्यांना एके दिवशी पडद्यावर नव्या अटी दिसल्या. वाद झाला तर आधी कोर्टात जाणार नाही, अशा अर्थाच्या. बटण एकच, 'मान्य'. दाबेपर्यंत टीव्ही चालेना. नकार द्यायचा तर कंपनीला टपालाने पत्र लिहायचं. घरात आणून वर्षानुवर्षं वापरलेली, पूर्ण पैसे दिलेली वस्तू! पोस्टाचा निरीक्षक निदान दारात येऊन पुस्तक मागायचा. हा निरीक्षक संचाच्या आत राहायला आला आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. टीव्ही स्वस्त झाले ते काही अंशी यामुळेच, असं या धंद्यातले लोक उघडपणे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पंधरा हजारात मोठा पडदा मिळाला म्हणून कितीतरी घरांत तो आला. सिनेमाच्या अ‍ॅपला त्याचं स्वतःचं खातं लागणार, मुलांसाठी कुलूप लावायचं तर खातं उपयोगी पडतं, हेही मान्य. पण नील्सनच्या घराला आपण काय देतो आणि काय घेतो ते ठाऊक होतं. सौदा त्याला म्हणतात. इथे किंमत एकाच बाजूला माहीत आहे. आणि नुसतं केबलवर बातम्या बघणाऱ्या माणसाकडे जन्मवर्ष मागण्याचं कारण काय? कोणत्या देवाचं कीर्तन लावतो, कोणत्या पक्षाच्या वाहिनीवर थांबतो, रात्री दोनला कोणत्या आजाराची माहिती शोधतो, हे सगळं त्या वहीत जातं. बोर्क यांच्या यादीत यातलं काहीच नव्हतं.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त असावी आणि त्या कामाला लागते तेवढ्याच माहितीपुरती असावी, असं म्हटलं आहे. कायद्यातच उदाहरण आहे : डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि तुम्ही हो म्हटलंत, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण यादीची त्याला गरज नाही. हेच माप टीव्हीला लावून बघा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. कायदा आहे, पण तो कोणीतरी मागावा लागतो. बोर्क आपल्या गल्लीत राहत नाहीत.

आता ती चांगली गोष्ट. त्या २०२४ च्या अभ्यासात असं दिसलं की सेटिंगमध्ये जाऊन हे बंद केलं, तर ठसे पाठवणं खरोखर थांबतं. तेव्हा आज घरी गेल्यावर टीव्हीची सेटिंग उघडा. 'गोपनीयता', 'अटी', 'जाहिराती' अशा नावांखाली शोधा. 'पाहण्याची माहिती' किंवा 'आवडीनुसार जाहिराती' असं काही दिसलं की बंद करा. दुकानातला मुलगा आला की चहा नंतर द्या, आधी त्याच्याजवळ उभे राहा. आणि पुढचा टीव्ही घेताना दुकानात पहिला प्रश्न इंचांचा नको, हा विचारा : खातं न उघडता चालतो का? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याला दुकानदार उत्तर तयार ठेवतो.

आम्ही आमच्या संचावर ते बंद केलं. तीन पानं आत होतं, वीस मिनिटं लागली. आईने विचारलं, "झालं का? आता तो बघणार नाही ना?" आम्ही म्हटलं, "पुढच्या अपडेटपर्यंत तरी नाही." ती म्हणाली, "मग ते कधी येतं ते लिहून ठेव." आता कॅलेंडरवर गॅसच्या नंबरशेजारी तीही नोंद आहे. ही एक वही आपणही ठेवायला हवी.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.