योसेमिटीतली गुरुजींची शाळा

ट्रेनिंग म्हटलं की आपल्याला आठवतो एसी हॉल, पीपीटी आणि चहाचा ब्रेक! कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मात्र १९२५ साली हॅरॉल्ड ब्रायंट यांनी भलतंच ट्रेनिंग सुरू केलं. उन्हाळ्यात सात आठवडे. शिकायला येणाऱ्यांत शाळेतले शिक्षक-शिक्षिकाही असत. पुस्तकांपेक्षा भर रानावर: पक्षी, झाडं, खडक जागेवर जाऊन बघायचे, नोंदी ठेवायच्या.

मला खटकतं ते पुढचं. बायकांना प्रवेश होता, त्या शिकल्याही. पण रेंजर-नॅचरलिस्टची नोकरी जवळजवळ पुरुषांनाच. म्हणजे पर्यटकांना जंगल दाखवणार बुवा, आणि बाई परत आपल्या वर्गात. १९५३ पर्यंत हे चाललं.

असो... त्या वर्गातल्या पोरांची मात्र चंगळ झाली असणार!