वर्तमानपत्रावरील पंगत

अमेरिकेच्या दक्षिणेस असलेल्या लुइझियाना राज्यातील एखाद्या साध्या केजन खाणावळीत पाऊल टाकले, तर ताट-वाट्या कोठेच दिसत नाहीत. मेजावर वर्तमानपत्र अंथरतात आणि मीठ, लाल मिरची, लसूण व लिंबू घालून उकडलेले क्रॉफिश, बटाटे आणि मक्याची कणसे त्यावर वाफाळती ओततात. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातील, शेवंडीच्या घाटाचा पण बोटभर लांबीचा जीव. शेपटी पिळून तोडावी, कवच सोलून मांस खावे, डोक्यातील रस चोखावा, ही तेथील रीत. काट्या-चमच्यांना येथे काम नाही. मोठा अधिकारीही घटकाभरात मनगटापर्यंत माखतो.

या मोकळ्या पंगतीमागे हद्दपारीचा इतिहास आहे. ‘केजन’ हा ‘अकेडियन’ या शब्दाचा अपभ्रंश होय. सतराव्या शतकात फ्रेंच शेतकऱ्यांनी आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडिया ही वसाहत वसविली. १७१३ च्या तहाने तिचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास या लोकांनी नकार दिला, तेव्हा १७५५ पासून गावेच्या गावे रिकामी करून त्यांना जहाजांत कोंबण्यात आले. १७६५ मध्ये जोसेफ ब्रूसार याच्यासमवेत सुमारे २०० निर्वासित न्यू ऑर्लिन्सला पोचले व पुढे बायू टेश या संथ प्रवाहाच्या काठी स्थिरावले. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे १६०० जण आले. दलदलीच्या त्या मुलखात जे हाती लागले, ते त्यांनी आपल्या चुलीवर आपलेसे केले.

एकच जीभ बोलते आणि चाखतेही. परंतु तिच्या या दोन कामांचे भाग्य सारखे ठरले नाही. १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत केवळ इंग्रजीतून शिक्षण सक्तीचे केले. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. ती मुले मोठी झाली आणि त्यांतील अनेकांनी आपल्या लेकरांशी फ्रेंच बोलणेच सोडले. क्रॉफिशही एके काळी गरिबाघरचे खाणे म्हणून हिणविले जाई. तथापि १९५९ मध्ये, ब्रो ब्रिज गावाच्या शताब्दीनिमित्त, राज्याच्या विधिमंडळाने त्या गावास ‘जगाची क्रॉफिश-राजधानी’ हा किताब बहाल केला. फ्रेंचच्या संवर्धनासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले ते १९६८ मध्ये. चवीला आधी मान मिळाला, वाणीला नऊ वर्षांनी. तोवर घराघरांतील साखळी तुटली होती. आज अमेरिकेत दूरदूरच्या शहरांतील पाट्यांवर ‘केजन’ हा शब्द झळकतो; त्याखाली बसून फ्रेंच बोलणारे मात्र विरळाच.

परमुलखात आपल्याही घरी पुरणपोळीचा बेत होतो, चकल्यांचे डबे गावाकडून येतात, आणि मराठीपण राखले म्हणून आपण निश्चिंत होतो. परंतु पंगत टिकली म्हणजे भाषा टिकली असे नव्हे. केजनांच्या मुलांची भाषा शिक्षेच्या भयाने गेली. आपल्या मुलांना मराठीसाठी कोणी शिक्षा करीत नाही. मग पोळी वाढताना आपण त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो?